दोष माझ्या नावावर

मी मोटर बोलतेय. विहिरीचं पाणी ओढते ती धिप्पाड बाई वेगळी. मी मुठीत मावते. कानडी मुलखातल्या सागर गावात, लाकूड कोरणाऱ्या गुडिगारांच्या घरी, पडवीच्या खिडकीत माझा मुक्काम असतो. आता मला वीज मिळत नाही, त्यामुळे सुखदुःखही फारसं होत नाही. जे झालं ते सांगते.

माझा जन्म परमुलखातल्या कारखान्यात झाला. खोक्यातून बाहेर काढलं ते वेदवतीनं, शेषप्पांच्या एकुलत्या एका मुलीनं. लाकूड कोरणारं यंत्र तिनं पडवीत स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. संगणकावर नक्षी काढायची आणि आम्ही तिघी बहिणींनी कोरणीला ओढून न्यायचं. एक पुढेमागे, एक वरखाली आणि मी डावीउजवीकडे. सांगितली तितकीच पावलं टाकायची, एवढंच माझं कौतुक.

शेषप्पा पिढीजात कोरीवकाम करणारे. त्यांच्या डोळ्यांत आम्ही खुपायचो. "पिठाची गिरणी आणलीस का गं घरात? धुरळा तर तेवढाच उडतोय," म्हणायचे. मग एका सकाळी धन्याजिऱ्याचा गरम काढा, आमचं कशाय, पिताना त्यांच्या हातून पेला पडला आणि उजवा हात गेला. हात जागेवर होता, पण त्याला गरम कळेना की गार. तेव्हापासून ते डाव्या हातानं कशीबशी रेघ ओढत, वेदवती ती संगणकात घाली, आम्ही कोरत असू. नक्षीतल्या हत्तीचे डोळे तेवढे ते स्वतः करत. घरात हसणं नव्हतं, पण काम चालू होतं.

आयुधपूजेला आम्हाला झेंडूची माळ, हळदकुंकू आणि मंडक्कीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, नैवेद्य मिळाला. शेवटी दृष्ट काढायला कुंकू भरलेला कोहळा फोडतात. तो बाहेर फोडायचा, पण शेषप्पा हट्टाला पेटले.

"यंत्र आत आणि दृष्ट बाहेर? इथंच फोडणार, आणि मीच फोडणार!"

"अप्पा, द्या ना इकडे."

"अगं, एक हात गेलाय, मी नाही गेलो."

त्यांनी डाव्या हातानं कोहळा उचलला, उजव्याचा आधार घेतला आणि उजव्यानं दगा दिला. कोहळा यंत्रावरच आपटला. लाल पाणी माझ्या अंगावरून वायरीपर्यंत ओघळलं. वेदवतीनं फडक्यानं पुसलं, पण वरवर.

तीन आठवड्यांनी माझी पावलं चुकायला लागली. सारखी नाही, हीच तर खोड. सकाळभर ठीक, आणि मधेच अंग सुन्न व्हायचं. जागच्या जागी थरथरायचे, आणि शुद्धीवर येईपर्यंत नक्षी सरकलेली असायची. नेमक्या तेव्हाच देवळाच्या पालखीसाठी शिवणीच्या लाकडाच्या दोन फळ्या लावल्या होत्या. एकाच खोडाच्या, शेषप्पांनी बारा वर्षं वाळवलेल्या. पहिल्या फळीवर हत्तीची सोंड कानापासून निघाली.

शेषप्पा रागावलेसुद्धा नाहीत. "एक राहिलीये," म्हणाले. "तीही गेली तर देवळाला नाही म्हणून कळव. हे सगळं मोडीत काढ आणि बंगळुरूची नोकरी धर. माझ्या हाताला आता यश नाही."

वेदवती मुलखाची चिकट. तिनं सगळे स्क्रू आवळले, आम्हाला वीज वाटणारी पेटी गार राहावी म्हणून पंखा लावला. मग पेटीपाशी माझी आणि बहिणीची वायर अदलाबदल करून पाहिली. दोष पेटीत असता तर तो बहिणीकडे गेला असता. तो माझ्यापाशीच राहिला.

"सापडली चोर," ती म्हणाली, आणि माझ्या जागी नवी आणली. माझी वायर आणि तिच्या टोकाचा, माझ्यात खुपसायचा प्लग मात्र जुनेच. भंगार लाकडावर नव्या मोटरनं दोन दिवस गुणी कारभार केला. तिसऱ्या दिवशी तीही थरथरली.

तेव्हा वेदवतीनं प्लग उघडला. आतली एक पिन गंजून हिरवी पडली होती, आणि तिच्या बुडाशी वाळलेलं कुंकू होतं. तिनं ते नखानं खरवडून तळहातावर घेतलं.

"काय निघालं गं?" शेषप्पांनी विचारलं.

"मोटरच खराब होती, अप्पा. नवीचा प्लग नीट बसला नव्हता, इतकंच."

तिनं तो प्लग चुलीत टाकला आणि नवा जोडला. दुसऱ्या फळीवर सोंड जिथे हवी तिथेच निघाली. पालखी देवळात गेली, बंगळुरूचा विषय मागे पडला. मी डब्यात गेले. राग आला नाही. रागाला वीज लागते.

पुढे शेषप्पांनीच मला बाहेर काढलं. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला होता. माझा दांडा फिरवला की बारीक बारीक अडखळे लागतात. ते रोज सकाळी सुन्न बोटांनी तो फिरवतात, आणि वेदवती स्वयंपाकघरातून विचारते, "लागतं का काही?"

"नाही."

वर्षभर हेच उत्तर.

यंदाच्या पूजेला ते म्हणाले, "कोहळा फाटकाबाहेर फोड. तूच फोड. आत पाणी उडतं." वेदवती त्यांच्याकडे बघतच राहिली. ते यंत्राला कुंकू लावत होते. मग खिडकीशी आले आणि डाव्या हातानं मलाही एक बोट लावलं. "तुझी काही चूक नव्हती," पुटपुटले. मला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही.

काल सकाळी माझ्या दांड्याच्या कडेनं त्यांचं बोट चांगलंच कापलं. रक्त आलं तरी ते फिरवतच होते. दांडा लाल झालेला दिसला तेव्हा थांबले.

"लागतं का काही, अप्पा?" आतून आवाज आला.

त्यांनी बोट धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. "लागतं गं," म्हणाले. "आज जरासं लागलं."

आत पळी खाली पडल्याचा आवाज झाला. वेदवती धावत येत होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच हसत होती.

तुम्ही कधी सागरला आलात, तर माझ्यासाठी एवढंच करा. तिला प्लगचं विचारू नका, आणि त्यांना बोटाचं. दोष माझ्याच नावावर राहू द्या. मला काही होत नाही.