आईची खोली आणि बाबांचं टेबल

आमच्या घरी रोजचं जेवण टेबल टेनिसच्या टेबलावर होतं. जाळी काढायला बाबांची परवानगी नाही. त्यामुळे बाबा एका बाजूला, आई आणि मी दुसऱ्या बाजूला, आणि मीठ मागितलं की ते जाळीवरून येतं. आई त्याला सर्व्हिस म्हणते.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं बाबांना हे टेबल भेट दिलं. इतरांना घड्याळ मिळतं. पण ऑफिसलाही पसारा कमी करायचा होता, आणि बाबांच्या पाठदुखीवर डॉक्टरांनी नुकताच व्यायाम सांगितला होता. टेबल हॉलमध्ये मावलं, फक्त मग हॉल मावेना. सोफा बाल्कनीत गेला. आता पाहुणे बाल्कनीत बसतात आणि काचेतून आमचं जेवण बघतात. काही जण टाळ्याही वाजवतात.

बाबांच्या मते यावर उपाय एकच होता, आईची शिवणाची खोली.

"तिथे जागा कुठंय?" मी विचारलं.

"आहे की. पसाऱ्याच्या खाली."

हे खोटं नव्हतं. त्या खोलीचं दार उघडायचं नाही, किलकिलं व्हायचं. श्वास सोडून, आडवं होऊन आत शिरावं लागे. शिलाई मशीन नक्की कुठे आहे हे फक्त आवाजावरून कळे. फरशीच्या रंगावरून घरात दोन तट होते, बाबा तांबडी म्हणायचे आणि आई राखाडी. बाकी सगळं कापड. गोधड्यांसाठी जमवलेले तुकडे, तुकड्यांतून उरलेले तुकडे, आणि त्यांच्या चिंध्या. आई नखाएवढी चिंधीसुद्धा टाकत नाही, कारण प्रत्येक चिंधीचं आईला कूळ माहीत असतं.

पण एक सांगायला हवं. बाकीच्या घरात आई फक्त सूचना देते. त्या खोलीत गेली की गुणगुणते. भसाडं गुणगुणते, पण गुणगुणते.

शेवटी करार झाला. रविवारी संध्याकाळी त्या खोलीच्या फरशीवर एक माणूस हातपाय पसरून उताणं झोपू शकलं, तर खोली कायमची आईची. नाही जमलं, तर टेबल आत आणि मशीन बाल्कनीत, सोफ्याशेजारी.

"चालेल," आई शांतपणे म्हणाली आणि खोलीत गेली. बराच वेळ मशीनचा आवाज येत राहिला. मी डोकावले तर सुईखाली कापडच नव्हतं. ती नुसतीच पायंडल मारत होती. गुणगुणत नव्हती.

मी मावशीला फोन केला.

मावशी आईची थोरली बहीण. मोठ्या हॉस्पिटलचं चादरी-पडद्यांचं कोठार तिनं जन्मभर सांभाळलं. तिच्या काळात एक उशीचा अभ्रासुद्धा हरवला नाही. डॉक्टर हरवले, असं ती सांगते. ती आली, दारातून खोलीत एक नजर टाकली आणि पदर खोचला.

"छोटे, यातलं काय टाकायचं?"

"काही नाही," आई म्हणाली.

"ही चिंधी?"

"अगं अक्का, ही हिच्या पहिल्या फ्रॉकची!"

"आणि ही?"

"तीही फ्रॉकचीच. पण आतली बाजू."

मावशीनं एक दीर्घ श्वास घेतला, जो त्या खोलीत घेणं तसं अवघड होतं. "बरं. टाकायचं नाही ना? मग सुटं ठेवायचं नाही. प्रत्येक प्रकाराला एक पिशवी, पिशवीवर नाव, पिशव्या फळीवर. जा गं, बाजारातून पिशव्या घेऊन ये."

मी चपला घातल्या. आईनं मला दारातच अडवलं.

"विकतच्या पिशव्या? घरात मशीन असताना?"

मावशी थांबली. मला वाटलं, ती काहीतरी शहाणपणाचं बोलेल. पण रक्त एकच होतं.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "मी कापते, तू शिव."

आणि कामाला काय वेग आला म्हणता! मावशी कापायची, आई शिवायची, मी नावं टाकायची. 'बाह्या'. 'बहुतेक बाह्या'. 'काठ'. 'अस्तर'. 'निळं'. 'निळं म्हणून घेतलेलं'. 'हे काय आहे'. पिशवी तयार झाली की आई ती उजेडात धरायची, म्हणायची, "अगंबाई, नाडी हवी," आणि तिला नाडी लावायची. मग लहान पिशव्या ठेवायला मोठी पिशवी. मग नाड्यांसाठी पिशवी. ढीग उतरत होता, फळी भरत होती, आणि आई पुन्हा गुणगुणायला लागली होती. मावशी दुसऱ्याच सुरात साथ देत होती. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

बाबा अधूनमधून बॅट हातात घेऊन दारात यायचे.

"काय, जमतंय?"

"तुम्ही कागद कापा तिकडे," आई म्हणायची.

हा टोमणा जुना होता. आईची कापडाची चांगली कात्री फार पूर्वी गायब झाली होती आणि बाबांनी त्या कात्रीनं वर्तमानपत्र कापून ती कुठेतरी टाकली, असा निकाल तेव्हाच लागला होता. अपील नव्हतं.

रविवारी सकाळी मावशीनं बाबांच्या खुर्चीतली उशी उचलली. "याचं कापड छान आहे, एक पिशवी होईल." तिनं शिवण उसवली, आत हात घातला आणि हात तसाच ठेवून आईकडे बघितलं. मग कापसातून कात्री बाहेर काढली.

उशी आईनंच शिवली होती.

"मी," बाबा हळूहळू म्हणाले, "या उशीला टेकून वर्षानुवर्षं बसलोय. मला वाटलं, मणका गेला. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. त्यांनी व्यायाम सांगितला. व्यायामासाठी मी ते टेबल घरी आणलं!"

"बघा," आई म्हणाली, "म्हणजे ते टेबलसुद्धा माझ्यामुळेच आलं." आणि कात्री पदराला पुसून कामाला लागली. बाबांची निर्दोष सुटका एवढ्यावरच आटोपली.

दुपार कलली तशी शेवटची पिशवी झाली. फळ्या कशा दिसत होत्या! रंगीबेरंगी, नीटनेटक्या, प्रत्येकीला नाडी, प्रत्येकीवर नाव. फरशी दिसत होती. हिरवी होती.

"चला," आई तळहात चोळत म्हणाली, "आणा कापड, भरून टाकू."

मी वळून बघितलं. मावशीनं मशीनखाली बघितलं. आईनं दारामागे बघितलं.

कापड नव्हतं. कुठेच नव्हतं. 'बाह्या' या पिशवीत ज्या बाह्या ठेवायच्या होत्या, त्यांचीच ती पिशवी होती.

"चोरी झाली," आई म्हणाली.

"छोटे," मावशी म्हणाली, "आपणच केली."

संध्याकाळी बाबा आले. मावशी खोलीच्या मधोमध गेली, उताणी झाली आणि हातपाय पसरले. कुठेच काही लागलं नाही.

"करार पूर्ण!" मी ओरडले.

बाबांनी फळ्यांवर नजर फिरवली. एक पिशवी दाबली. दुसरी दाबली. बाबांनी जन्मभर ऑफिसात फायली परत पाठवल्या आहेत, त्यांना उणीव लगेच दिसते.

"करार शिवणाच्या खोलीचा होता," ते म्हणाले. "इथे कापड कुठंय? कापड नसेल, तर शिवण कसलं? आणि शिवण नसेल, तर ही नुसती रिकामी खोली झाली. रिकाम्या खोलीत काय ठेवतात? टेबल."

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं. ती मशीनपाशी जाऊन बसली आणि चाकावर हात ठेवून हिरव्या फरशीकडे बघत राहिली. बाबाही जरा चरकले. जिंकायची सवय त्यांनाही नाही.

"अगं," फरशीवरून मावशीचा आवाज आला, "जिंकलो का हरलो ते नंतर ठरवा. फरशी गार आहे. काहीतरी पांघरायला द्या."

पांघरायला काय देणार? घरातल्या चादरींची 'अस्तर' पिशवी झाली होती. आईनं सुस्कारा टाकत फळीवरची एक पिशवी काढली आणि मावशीच्या पोटावर ठेवली. पोट बरंच होतं, म्हणून शेजारी दुसरी ठेवली. निळ्याशेजारी पिवळी ठेवली, थांबली, पिवळी उचलून गुडघ्यावर नेली आणि तिच्या जागी तांबडी आणली. मग मागे सरून तिनं मान वाकडी केली.

ही मान मला माहीत होती.

"अक्का," आई म्हणाली, "हलू नकोस."

"का?"

"श्वासही बेतानं घे. टाचण्या दे गं!"

मी टाचण्या दिल्या. पिशवीला पिशवी जोडली जाऊ लागली. मावशीचे पाय झाकले, हात झाकले, फक्त चेहरा उरला आणि तो हसत होता. गोधडी तिच्या अंगाबाहेर पसरत भिंतींना टेकली.

"फरशी पुरत नाही," आई म्हणाली. "एवढी मोठी गोधडी टाचायला सपाट, लांबरुंद काहीतरी हवं. कमरेएवढं उंच." ती उठली आणि हॉलकडे बघत राहिली.

"नाही," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्हाला ते या खोलीतच हवं होतं ना?"

बाबांनी बराच विचार केला. हा आपला विजय आहे की पराजय, हे त्यांना कळेना. मलाही अजून कळलेलं नाही.

"जाळी?" त्यांनी विचारलं.

"जाळीला टाचण्या छान टोचतील."

बाबांनी स्वतः टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं मी. वळणावर बाबा म्हणाले, "पाठ दुखत नाहीये गं माझी," आणि टेबल दारात अडकलं. मग आत जागा करायला मावशीला सोडवावं लागलं. तिला टाचण्यांतून काढायला टेबल आत घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता सोफा हॉलमध्ये आहे. दिवसा टेबलावर गोधडी असते आणि आई तिच्याभोवती फिरत गुणगुणते. गोधडीला पिशव्यांएवढे खिसे आहेत, सगळ्यांना नाड्या आहेत आणि वर नावं आहेत. संध्याकाळी गोधडी सरकवून बाबा आणि मावशी खेळतात. मावशी परत गेलेलीच नाही, ती बाबांना रोज हरवते. शेजारणींना कळलं तशा त्याही आपापले तुकडे आणून देऊ लागल्यात. फरशी पुन्हा दिसेनाशी झालीय.

काल खेळता खेळता चेंडू गोधडीत गेला. कुठल्या खिशात, कुणाला ठाऊक! आम्ही चौघं सगळ्या नाड्या सोडून शोधत होतो. तेवढ्यात आई थबकली, कमरेवर हात ठेवले आणि बाबांकडे वळली.

"माझी कात्री कुठंय?"

बाबांनी 'हे काय आहे' या खिशात हात घातला, कात्री काढून जाळीवरून आईपुढे ठेवली आणि म्हणाले, "सर्व्हिस."