वादळाची वेळ

आपल्या दुरुस्तीच्या दुकानात शहेजादने मिक्सरचा तळ उघडला, झिजलेला कार्बन ब्रश चिमट्याने बाहेर काढून काउंटरवर ठेवला आणि नवा बसवला. समोरच्या बाईंनी जुना ब्रश उचलून उजेडात धरला.

"म्हणजे मोटर वाचली."

"वाचली. पण वाटणात जरा पाणी घालत जा," म्हणता म्हणता तो थांबला. हा आवाज त्याने ऐकला होता. दोन दिवस कसबा पेठेतल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलवर हाच आवाज फिरत होता. "मॅडम, सौरवादळाबद्दल बोललात त्या तुम्हीच का?"

"ते तर मी रोजच बोलते. पगारच त्याचा आहे."

बाईंचं नाव पूर्णिमा. ती सूर्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत काम करत होती. सूर्यावर उद्रेक झाला, की त्याचा पृथ्वीवर काय परिणाम होईल आणि कधी, याचा अंदाज तिच्या सहीने बाहेर पडे. शहेजादने हात पुसून फोन काढला आणि ती ध्वनिफीत लावली. "वीजवाहिन्यांत प्रवाह घुसेल, ट्रान्सफॉर्मर जळतील, उपग्रह निकामी होतील," असं तिचाच शांत आवाज सांगत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं: शुक्रवारी महावादळ. पेसमेकर बंद पडणार. सर्वांना पाठवा.

पूर्णिमाने ती पुन्हा एकदा लावायला सांगितली.

"आवाज माझा आहे. शाळेतल्या एका भाषणातला. त्याआधीचं वाक्य कापलंय. एकोणिसाव्या शतकात आलं होतं तेवढं प्रचंड वादळ आज आलं तर, असं मी म्हणाले होते. खालचा मजकूर माझा नाही."

"म्हणजे शुक्रवारी वादळ नाही."

"आहे."

मिक्सरचा तळ पुन्हा लावत असलेल्या शहेजादने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मध्यम ताकदीचं आहे," ती म्हणाली. "विमानांचा रेडिओ थोडा खरखरेल, फोनवरचा नकाशा थोडा चुकेल. तेही आपल्याकडे कमीच. पेसमेकरचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्या घरी कुणाला आहे का?"

त्याने मग सगळं सांगितलं. त्याच्या आईच्या, हुस्नबानूंच्या, हृदयाचे ठोके फार मंद पडत. महिन्याभरात दोनदा त्या शेगडीपाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. शुक्रवारी सकाळी पेसमेकर बसवायचा ठरला होता, आणि आजच सकाळी त्याने इस्पितळात फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर चिडले होते. पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची, तोवर काही झालं तर जबाबदारी तुमची, म्हणाले होते.

"मॅडम, मी अडाणीपणाने नाही केलं. वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे टीव्हींची रांग लागते. बंद असलेलेसुद्धा जळतात. मग छातीतलं एवढंसं यंत्र कसं टिकणार?"

पूर्णिमा हसली नाही. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"बंद टीव्ही कशामुळे जळतो?"

"केबलमधून. बाहेरून वायर आलेली असते ना."

"आणि केबल काढून ठेवलेला?"

"तो बहुतेक वाचतो."

"हे थोडंफार तसंच आहे. शेकडो किलोमीटर लांब तार असेल, तर सौरवादळात तिच्यात त्रास देण्याइतका प्रवाह तयार होतो. पेसमेकरची तार केवढी असते?"

डॉक्टरांनी दाखवली होती. शहेजादने अंगठा आणि करंगळी ताणून वीत केली, ती दोनदा काउंटरवर ठेवली.

"तुम्ही नुसतं म्हणा, मॅडम, काहीच होणार नाही. अम्मीला तेच सांगतो."

"ऑपरेशनचं डॉक्टर सांगतील. सूर्यामुळे पेसमेकर बंद पडणार नाही, एवढंच मी सांगू शकते."

"आणि वादळ येणार कधी?"

"अंदाज शुक्रवारी संध्याकाळनंतरचा आहे."

"मग प्रश्नच मिटला. ऑपरेशन सकाळी आहे." त्याने इस्पितळाचा नंबर लावून फोन कानाला धरलाही होता. पूर्णिमा काहीतरी बोलायला पुढे झाली, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी उचलला. शुक्रवारची सकाळ अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. शहेजाद भिंतीकडे तोंड करून हो, हो म्हणत राहिला. ती मिक्सर घेऊन निघाली.

घरी हुस्नबानूंनी सगळं ऐकून घेतलं.

"संध्याकाळनंतर सूर्यच नसतो. वादळ काय दिवा लावून येणार आहे?"

"अम्मी, ते तिकडून आधीच निघालंय. वाटेत आहे."

"बरं. मला काय, सकाळी लवकर उठवा म्हणजे झालं."

शुक्रवारी पेसमेकर बसला. शनिवारी दुपारी हुस्नबानू खाटेवर बसून उजव्या हाताने चहा पीत होत्या. डावा हात हलवायला मनाई होती आणि चहा पाणचट होता, या दोन्हींबद्दल त्यांचं नर्सला ऐकवून झालं होतं. शहेजादचा फोन वाजला.

"तुमच्या दुकानाच्या पाटीवरून नंबर घेतला," पूर्णिमा म्हणाली. "आई कशा आहेत?"

"एकदम ठीक. मेहरबानी तुमची."

"शहेजादभाई, वादळ संध्याकाळी आलं नाही. ते पहाटेच येऊन थडकलं. आईंचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा ते भरात होतं."

शहेजादने आईकडे पाहिलं. त्या बशीत राहिलेला चहा कपात परत ओतत होत्या.

"मॅडम, हे मला कधी कळलंही नसतं."

"तुम्ही वेळेच्या भरवशावर होकार दिलात. वेळेचा इथे संबंध नाही आणि वेळ बरीच पुढेमागे होते, हे मी तुम्हाला तिथेच थांबवून सांगायला हवं होतं. ताकद बरोबर निघाली, वेळ चुकली. संस्थेच्या आजच्या पत्रकातही तसंच दिलंय. तुम्हाला वेगळं सांगायला हवं, म्हणून फोन केला."

मग ती आईंना जपा म्हणाली आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" हुस्नबानूंनी विचारलं.

"त्या वादळवाल्या मॅडम. अंदाज चुकला म्हणाल्या."

"आपणहून?"

"आपणहून."

हुस्नबानूंनी उरलेला चहा संपवून रिकामा कप त्याच्या हातात दिला.

"मग पुढच्या वेळीही त्यांनाच विचार."