टाचेतला काटा

काचेचा डोळा एका बाजूने किंचित सुटला होता आणि त्याच्या कडेला डिंकाचा पिवळट थर वाळून बसला होता. जनकाबाई कितीतरी वेळ तेवढाच पाहत होती. वाघ मोहाच्या झाडाखाली आडवा टाकलेला, पेंढा भरलेला, पोटाखालची शिवण दिसेल असा. त्याच्या पाठीवर कुणीतरी आपला ओला टॉवेल वाळत घातला होता. लोक येत होते, वाकत होते, दातांना बोट लावून हसत होते. तिला हसू येत नव्हते आणि भीतीही वाटत नव्हती. नुसते वाटत होते, हा डोळा कुणीतरी नीट दाबून बसवावा. मग वाटले, आपण उठावे आणि जावे. कापूस वेचायला जायचे सोडून आपण इथे, या नाल्याच्या काठी, कुणाची वाट बघत बसलो आहोत…

सरपंच गुलाबरावांनी तिला आणले होते. आठ दिवस झाले, सोनाळा गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मुंबईच्या सिनेमा कंपनीने तंबू ठोकले होते. सिनेमा जुन्या काळचा होता, साहेबाच्या राज्यातला: एक नरभक्षक वाघ, त्याच्या मागावर हिंडणारा शूर शिकारी, आणि वाघाने नेलेल्या माणसांची गावे. गावातली माणसे हाकाऱ्यांत उभी राहायला रोजाने जात होती, डबे बडवत होती, संध्याकाळी येऊन मोठमोठ्याने बोलत होती. त्यातच गुलाबरावांनी डायरेक्टरला सांगितले असणार, की साहेब, आमच्या गावात खरीच एक बाई आहे. बावीस वर्षांमागे हिच्या नवऱ्याला वाघाने नेले. नुसता पाय सापडला, तर त्या पायाला धरून दोन घटका बसली होती. आजही बाया सुनांना सांगतात, बायको असावी तर जनकीसारखी…

जनकाबाईने हे बावीस वर्षे ऐकले होते. पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स झाले, पुढे पुढे नुसते कान बंद करता येऊ लागले. पण आज तो सुटलेला डोळा पाहताना कानही बंद होईनात.

"मावशी," कुणीतरी म्हणाले.

सिनेमातली बाई होती ती. तिच्या अंगावर लुगडे होते, नीट नेसवलेले, पण नव्या घडीचे. कपाळ मुद्दाम पुसल्यासारखे केलेले. ती जनकाबाईच्या शेजारी सरळ जमिनीवरच बसली. हे जनकाबाईला आवडले, आणि आवडले म्हणून पुन्हा अस्वस्थ वाटले. बाई बोलताना डोळ्यात बघत होती. तशी जनकाबाईच्या डोळ्यात बघून बोलणारी माणसे गावात फार उरली नव्हती. लोक तिच्याशी बोलत ते जरा बाजूला बघून, देवळात बोलतात तसे.

"मला आत्ता तो प्रसंग करायचा आहे. नवऱ्याला घेऊन येतात तो. साहेब म्हणतात, छाती पिटून रड. पण तुम्ही म्हणे रडला नव्हता. नुसते पाय धरून बसला होतात."

"हाव."

"काय करत होतात तेव्हा? म्हणजे, मनात काय होतं?"

मनात काय होतं… 

आदल्या दिवशी तुळशीराम भाकरीच्या ताटावरून उठला होता. पाच वर्षे झाली लग्नाला, कूस उजवली नाही, आता दुसरी करतो, असे तो आईच्या, भावाच्या, सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, आणि म्हणून झाल्यावर, जसे काही बोललोच नाही अशा आवाजात, उंबऱ्यावर बसून टाच पुढे करून म्हणाला होता, "काटा मोडला वं, काहाडून दे." ती चुलीपुढून उठली नव्हती. "आणा तिले दुसरीले. थे काहाडंल," एवढेच म्हणाली होती. तो थोडा वेळ बसून राहिला. तिची त्याच्याकडे पाठ होती, पण कळत होते की तो बसून आहे. मग लंगडत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे जंगलात बांबू आणायला गेले, तुळशीराम, त्याचा मित्र नारायणराव आणि आणखी एक. दिवस मावळायच्या आत दोघे धावत आले. वाघ समोर आला तेव्हा ते झाडावर चढले. तुळशीराम मागे राहिला. तो मागे का राहिला हे कुणाला कळले नाही. वेळ भरली होती, असे ठरले. आणि सकाळी सापडलेला पाय त्याच्याच धोतरात बांधून अंगणात आणून ठेवला तेव्हा तिने पदर सोडून ती गाठ उकलली, आणि पहिल्यांदा टाच पाहिली. काळा ठिपका. भोवती सूज. लोक जवळ यायच्या आत तिने तो पाय मांडीवर ओढला, अंगाने झाकला…

"काटा काहाडत होती," ती म्हणाली.

तोंडातून शब्द गेल्यावर तिला ते दुसऱ्या कुणी बोलल्यासारखे ऐकू आले. भोवती पाच-सात माणसे उभी होती. गुलाबराव होते. त्यांच्या मागे डबा काखेत धरून नारायणराव उभे होते, आज हाकाऱ्यात आलेले.

"काटा?"

"टाचेत होता. बाभुयीचा. नखानं निघाला नाही, मंग दुसऱ्या काट्यानं काहाडला." अर्धेच सांगून ती थांबली. उरलेले अर्धे जिभेवर तसेच राहिले, कडू, निंबाच्या पाल्यासारखे.

बाईच्या डोळ्यांत पाणी आले होते. जनकाबाईला एकदम तिचा राग आला. इतक्या लवकर येते पाणी? बाई उठून डायरेक्टरकडे गेली, दोघे बराच वेळ बोलले. डायरेक्टर हात उडवत म्हणत होता, नुसता पाय दाखवता येणार नाही, सेन्सॉरवाले कापतील. अख्खं प्रेत ठेवू, पण काटा राहू दे, काटा फार सुंदर आहे. सुंदर, असे म्हणाला.

मग बाजेवर एका माणसाला निजवले. गुळाच्या पाकात रंग कालवून त्याच्या छातीवर ओतला. त्यावर माशा बसू लागल्या तेव्हा तो निजल्या निजल्या शिव्या देऊ लागला. चांदीच्या कागदाच्या फळ्या उन्हात धरल्या. बाया दोन रांगांत उभ्या राहिल्या. जनकाबाईला कुणी उभे केले नाही. ती मोहाच्या बुंध्याला टेकून राहिली आणि बघू लागली.

बाई आली, बाजेच्या पायथ्याशी बसली. रडली नाही. त्या माणसाचा पाय मांडीवर घेतला — घाईने नाही, झडप घालून नाही. हलकेच, जसा झोपलेल्याचा घ्यावा. काट्याने टाच कोरू लागली. आणि मधेच थांबून तिने त्या टाचेवर फुंकर घातली. दुखू नये म्हणून. मेलेल्याच्या टाचेवर.

रांगेतली एक बाई हुंदका देऊन रडू लागली, मग दुसरी. कट म्हटले तरी त्या थांबेनात. तीनदा केले ते, आणि तिन्ही वेळा बाईने फुंकर घातली, आणि तिन्ही वेळा जनकाबाईच्या ओठांचा आपोआप चंबू झाला.

मी नव्हतं सांगतलं हे. फुंकरीचं मी काही बोलली नव्हती.

ती कुणाला न सांगता निघाली. नाल्याच्या वरच्या अंगाला, तुरीच्या पट्ट्याकडेच्या वाटेने. मागून कुणीतरी येत होते. तिने ओळखले, तरी पाय उचलले नाहीत.

"वहिनी."

नारायणराव धापा टाकत होते. डबा अजून काखेतच होता.

"त्याच्या पायात काटा होता?"

"हाव, भाऊजी."

"कधीचा?"

"आदल्या दिसाचा."

ते बांधावर बसले. बराच वेळ डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मी झाडावर होतो," ते म्हणाले. "हाका मारून राह्यलो, चाल बे, चाल. तो येऊनच नाही राह्यला. मी त्याचा हात धरला होता पहिले. मंग सोडला. मले वाटे, मी सोडला म्हणून…" बावीस वर्षे दर सुगीला त्यांच्या घरून तिच्याकडे हुरड्याच्या कणसांची टोपली यायची. तिला वाटायचे, दया येते माणसाला.

आता गप्प राहता आले असते. हात सोडल्याचे ते त्यांचे, काट्याचे ते दैवाचे, असे म्हणून तिला वाटेला लागता आले असते. पण ती म्हणाली, "मले म्हणे, काहाडून दे. मी नाही काहाडला. भांडण होतं."

नारायणरावांनी वर पाहिले. त्या नजरेत काय होते ते तिला कळेना. राग म्हणावा तर राग नव्हता, सुटका म्हणावी तर तीही नाही. बावीस वर्षे ज्या भिंतीला पाठ लावून बसलो ती भिंत एकाएकी हलली, असे काहीतरी. "आधी सांगतलं असतं तं…" ते म्हणाले. सांगितले असते तर काय, हे बहुधा त्यांनाही उमजले नाही. उठले, डबा घेतला, आणि नाल्याकडे न जाता शेतातून आडवे, गावाच्या दिशेने चालू लागले. तिने हाक मारली नाही.

घरी आली तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर चढले होते. तिने पाणी घेतले, प्यायली नाही. सरकी वाटायला घेतली, सोडून दिली. आत गेली, बाहेर आली. जाऊने विचारले, "काय झालं वं तथी?" ती म्हणाली, "काही नाही. रडल्या बाया."

मग उंबऱ्यावर बसून तिने ती सकाळ आठवायला घेतली, मुद्दाम, पहिल्यापासून. बावीस वर्षांत ती कधी बोलवावी लागली नव्हती. आपली आपण येई, आणि प्रत्येक वेळी तशीच येई: धोतराची गाठ, काळा ठिपका, आणि आपले चोरटे हात. लपवणारे हात. त्या हातांशी तिने संसार केला होता म्हटले तरी चालेल. आज गाठ आली, पण ती त्या बाईच्या लुगड्यासारख्या नव्या कोऱ्या कापडाची. पाय आला, तर त्याच्या मागे गुळाच्या पाकात न्हालेला अख्खा माणूस. हात आले, ते हलके होते, घाई नसलेले. तिने डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. चूल, उंबरा, पाठ. पाठ तिचीच होती, तेवढी शाबूत होती. त्यानंतर पुन्हा ते परके, सावकाश हात.

आणि फुंकर. ती बाईने आपल्या मनाने घातली की… आपणही घातली होती? पाय झाकून धरला, काटा कोरत होतो, तोंड इतके जवळ होते की कातडीचा वास येत होता… मग श्वास कुठे गेला असेल? कुठेतरी गेलाच असेल ना. लपवताना माणूस फुंकर घालतो का? आणि घातली असेल, तर मग ते लपवणे होते की…

जनकाबाईने आपला तळहात तोंडासमोर धरला आणि हळूच फुंकले. गार लागले. एवढ्यावरून काहीच कळेना. तिने पुन्हा फुंकले.