डाळीची रांग

ज्या दुपारी मार्टाचं शटर खाली आलं, त्या दुपारी आपण कुठल्या रांगेत उभे होतो यावर आपली किंमत ठरणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर काशम्मा तोंडाला पदर लावून हसली असती. ती दुधनीहून सोलापूरला आली होती. नवी पेठेत साडी घेऊन झाली होती, उन्हानं जीव नकोसा झाला होता, म्हणून लेकीला काखोटीला मारून ती या मोठ्या दुकानात शिरली. पावशेर तूरडाळ घेऊ आणि घटकाभर एसीत उभं राहू, एवढाच तिचा बेत. तेवढ्यात बाहेर ती विषारी हवा आली. रस्त्यावरची माणसं होती तिथं खाली बसली आणि परत उठली नाहीत. कुणीतरी शटर ओढलं म्हणून आतले तेवढे वाचले.

सुरुवातीला तसं कुणाचंच काही चुकलं नव्हतं. जो ज्या रांगेत सापडला त्यानं तिथला माल सांभाळायचा, इतकी साधी व्यवस्था होती. डोक्यावर पाट्या लटकत होत्याच. डाळी-धान्याच्या पाटीखालच्यांनी दाणा जपला, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत तो पेरला आणि पेरलेल्याचे मालक होऊन बसले. साड्या-चादरींच्या पाटीखालच्यांनी सगळ्यांच्या अंगावर कपडा दिला. झाडू-फिनाइलच्या पाटीखाली जे सापडले त्यांच्या हातात झाडू होताच. तो कुणी परत काढून घेतला नाही. आधी झाडलोट आली. मग बादल्या भरून घाण बाहेर नेणं आलं, मग मढी ओढणं आलं. मग हळूच त्यांच्या हातचं पाणी नको झालं. याला काही पिढ्या लागल्या नाहीत. सवय अंगात मुरलेलीच होती, तिला फक्त नवी जागा मिळाली. काशम्माच्या लेकीचे, शिवलीलाचे दुधाचे दात पडले तोवर सगळं पक्कं झालं होतं.

बाहेर अख्खं सोलापूर ओस पडलं होतं. बंगले होते, पलंग होते, अडवणारं कुणी नव्हतं. पण पाण्याचा हातपंप मार्टाच्या मागे होता आणि रस्त्यांवर कुत्र्यांच्या झुंडी फिरत होत्या. आणि खरं बोलायचं तर पाटीखालून बाहेर पडल्यावर आपण कुणाच्या वरचे हे सांगणार कोण? म्हणून एवढी माणसं त्या अंधाऱ्या, कुबट दुकानात एकमेकांना लागून झोपत आणि एकमेकांना शिवत नसत. आबासाहेब डाळीच्या रांगेचे म्होरके, म्हणून आपोआपच सगळ्यांचे. त्या दिवशी तेही किलोभर हरभराडाळ घ्यायला आलेले एक गिऱ्हाईकच होते. आता त्यांच्यासमोर कुणी बसत नसे.

दरवर्षी ज्वारी निघाली की शटरचा दिवस पाळायचा. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं, अगदी त्या दुपारी उभं होतं तसं. शहाण्या झालेल्या पोरापोरींच्या हातात त्यांच्या रांगेची वस्तू दिली जाई. डाळीवाल्यांना माप, साडीवाल्यांना कात्री, झाडूवाल्यांना बादली. एकदा वस्तू हातात पडली की मरेपर्यंत सुटका नाही. त्याआधी कुणाला हरकत घ्यायची असेल, आणि वरच्या रांगेतलं कुणी ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणून साक्षीला उभं राहिलं, तर रांग बदलून मिळे. अशी हरकत आजवर कुणी घेतली नव्हती. आपल्या ताटात आणखी एक हात कोण कशाला ओढवून घेईल?

यंदा बादली शिवलीलाच्या हातात पडायची होती. आणि काशम्माकडे हरकत होती.

त्या दुपारी ती डाळीच्या रांगेतच उभी होती. कडेवरून उतरवलेल्या शिवलीलानं तिथंच फरशी ओली केली. शेजारी उभ्या असलेल्या वेळापूरच्या सारजाबाईंच्या पायावर शिंतोडे उडाले. सारजाबाई म्हणाल्या, पुसून घ्या की. काशम्मा शरमून गेली. पोरीच्या हातात सारजाबाईंचं बोट देऊन ती फडकं बघायला पलीकडच्या रांगेत पळाली, आणि दिवे गेले. अंधारात शटरचा धाडकन आवाज झाला तेव्हा ती फिनाइलच्या बाटल्यांपुढे उभी होती. तिनं चाचपडत येऊन लेक उचलली आणि आपल्याजवळ नेली. कुठल्याही आईनं तेच केलं असतं. ज्या बाईला दुसऱ्यासमोरची फरशी ओली सोडायची लाज वाटली, तिच्या नशिबी साऱ्या मार्टाची घाण आली.

हे पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, सारजाबाई. त्या आता अंथरुणाला खिळल्या होत्या. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्यांच्याच रांगेतले लोक नाकाला पदर लावून लांबून जात. म्हातारीला पुसणं, कुशीवर वळवणं, अंथरूण धुणं हे काशम्माचं कामच होतं. पण केसांना तेल लावणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं हे कुणी तिला सांगितलेलं नव्हतं, आणि तिच्या हातचं खाताना म्हातारीलाही रांग आठवत नव्हती. काशम्माचा तिच्यावर जीव होता असं समजायचं कारण नाही. तिला त्या तोंडातून एक वाक्य हवं होतं. ती ते लपवत नसे, आणि सारजाबाईंनीही एकदा तिचा हात धरून सांगितलं होतं की बोलीन, मरायच्या आत बोलीन.

शटरच्या दिवशी सारजाबाईंना चादरीवर घालून त्यांच्या जागी आणलं. बादली समोर ठेवली गेली तशी काशम्मा पुढे झाली आणि जे घडलं ते तिनं न अडखळता सांगितलं. डाळीच्या रांगेत चुळबुळ झाली. आबासाहेबांनी म्हातारीला विचारलं.

“पोरगी माज्यापाशी हुती,” सारजाबाई म्हणाल्या. “माजं बोट धरून. शटर पडलं तवा ती हितंच हुती, ह्या फरशीवर.”

“आन् तिची आई?”

म्हातारीनं काशम्माकडे पाहिलं. दोन शब्द पुरले असते. ‘ती बी’ एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं गप्प बसून जी बाई खोटं जगली, ती आणखी एक खोटं बोलली तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण मरणाच्या दारात माणसाला भलत्याच वेळी खरेपणा सुचतो.

“ती फडकं आणाया गेल्ती. मीच धाडली.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारीनं लेकरागत खरं सांगितलं, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. काशम्माला तिचा गळा दाबावासा वाटला.

आबासाहेबांना निवाडा द्यायला वेळ लागला नाही. पोरगी डाळीची, आई आहे तिथंच. आजपासून पोरीनं झाडूच्या रांगेत जेवायचं नाही, झोपायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. मग ते जरा नरम आवाजात म्हणाले, “हरकत मागं घ्याची आसंल तर आजून घे. मायलेकी एकत्र ऱ्हावा. बादली हाय समोर.”

शिवलीला तोवर पुढे आलीच होती. “अव्वा, मला न्हाय जायचं,” ती म्हणाली आणि तिनं बादलीची कडी धरली.

काशम्मानं तिची बोटं एकेक करून सोडवली. पोरीनं जोर लावला, नखं लागली. शेवटचं बोट सुटल्यावर तिनं लेकीला डाळीच्या रांगेकडे ढकललं आणि म्हणाली, “माप द्या तिला.”

आपण लेकीला वाचवलं, असं ती दुपारभर मनाशी म्हणत राहिली. ते खरंही होतं.

संध्याकाळी दाण्याचं वाटप झालं. नव्यानं माप मिळालेल्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना वाढायचं असतं. झाडूवाले नेहमीप्रमाणे शेवटी, दाराशी पदर आणि धोतराचे सोगे पसरून बसले होते. शिवलीला एकेकाला वाढत आली. आईसमोर आल्यावर ती गुडघ्यावर बसली आणि माप तिच्या पदरात टेकवायला तिनं हात पुढे केला. मागे डाळीची सगळी रांग बघत होती. आबासाहेब उठून उभे राहिले होते.

“उभी ऱ्हा,” काशम्मा हळूच म्हणाली. “वरनं टाक. बघत्यात.”

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तिनं वरून माप ओतलं. नजर अजून आईच्या तोंडावरच होती, त्यामुळे निम्मी ज्वारी फरशीवर सांडली. काशम्मा खाली मान घालून एकेक दाणा वेचत बसली, लेक पुढे निघून जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सारजाबाईंचं अंथरूण धुतलं. कामच होतं ते. संध्याकाळी पुन्हा वाटप झालं. शिवलीला आली आणि उभ्यानंच, वरून, तिनं आईच्या पदरात माप ओतलं. तिला सांगावं लागलं नाही. एक दाणा बाहेर पडला नाही.