गालावरचे ठिपके

सासूबाईंच्या खोलीची उत्तरेकडची भिंत बारा महिने ओली असे. तिथे टांगलेल्या त्यांच्या यजमानांच्या फोटोवर दर वर्षी बुरशीचे चार ठिपके वाढत. तो एकच फोटो होता, निगेटिव्ह केव्हाच हरवली होती. दुसऱ्या भिंतीवर का नाही लावत, असं विचारलं की त्या म्हणत, पलंगावरून दिसतो तो तिथूनच.

जावई वजनकाटे दुरुस्त करायचा. हौस म्हणून त्याने बाल्कनीत एक छोटं लेझर यंत्र मांडलं होतं. बायको त्याला सवत म्हणायची, पण त्यावरची धूळही तीच पुसायची. लाकडाचे तुकडे, चामड्याचे पट्टे असं काय काय कोरून झाल्यावर त्याच्या मनात आलं की कागद कुजतो, टाइल कुजत नाही. चकचकीत पांढऱ्या टाइलवर पांढरा रंग फवारायचा, वाळू द्यायचा आणि लेझरने त्यावर फोटो उमटवायचा. किरण पडेल तिथला रंग तापून काळा होतो आणि टाइलच्या झिलईत कायमचा भिनतो. उरलेला रंग थिनरने पुसून टाकला की झालं. ते चित्र ओल खात नाही, घासणीने घासलं तरी जात नाही.

सासूबाईंनी फोटो फ्रेममधून काढून दिला तो दोन्ही हातांनी. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण पदरी पडलं पवित्र झालं, याच्या पलीकडे त्यांचं जावयाबद्दलचं मत कोणाला कळलं नव्हतं. त्यामुळे त्यानेही कंबर कसली. फोटो स्कॅन करून संगणकावर मोठा केला आणि तीन संध्याकाळी खपून त्यावरचा एकूण एक ठिपका पुसला.

टाइल निघाली ती अगदी नितळ. शेजारणीने पाहिली आणि आपल्या आईवडिलांचा फोटो आणून द्यायचं तिथल्या तिथे कबूल केलं. सासूबाईंनी ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, परत आणून टेबलावर ठेवली. टाइल छान आहे म्हणाल्या. मग जुना फोटो फ्रेममध्ये घालून पुन्हा ओल्या भिंतीवर टांगला.

दोन दिवसांनी बायकोने त्याला बाजूला घेतलं.

"आईला विचारलं, आवडली नाही का. म्हणते, माणूस देखणा आहे. कोण आहे?"

सासऱ्यांना लहानपणी देवी आल्या होत्या. गालभर वण होते. हे बायकोलाही आत्ताच कळत होतं. वडील गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला त्यांचा खोकला आठवे, चेहरा मात्र फोटोतलाच, आणि ते ठिपके तिला जन्मभर बुरशीचेच वाटत आले होते. जावयाने तर सासऱ्यांना पाहिलंच नव्हतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत त्याने मूळ स्कॅन पुन्हा उघडला. बुरशी आणि वण, मोठे करून पाहिले तरी दोन्ही सारखेच करडे. कोणता कशाचा हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते एक्क्याऐंशी वर्षांचं होतं.

रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत गेला, पलंगाशी स्टूल ओढून बसला आणि आधी चूक कबूल केली. त्यांनी विणकामाची सुई घेतली आणि पडद्यावर एकेका ठिपक्यावर टेकवू लागल्या. हा ह्यांचा. ही बुरशी. हे तीन ओळीत आहेत ते ह्यांचेच, नाकाशेजारी. सांगता सांगता त्या मोकळ्या होत गेल्या. हे न्हाव्याला सांगायचे म्हणे, रस्ता खराब आहे, गाडी हळू चालव.

भुवईच्या वरच्या ठिपक्यापाशी सुई थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"हा नाही आठवत," त्या म्हणाल्या.

राहू दे आज, असं तो म्हणणार होता. पण त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"जरा पुढे या, जावईबापू."

त्याने मान पुढे केली. त्यांनी डोळे मिटून त्याच्या गालावर तळवा ठेवला आणि अंगठा भुवईवरून हळूहळू कपाळाकडे नेला. थांबल्या. पुन्हा नेला.

"ताप आला की इथेच हात ठेवायची मी. इथे गुळगुळीत होतं. ही बुरशी." आणि थोड्या वेळाने, "हलू नका. फार हलता तुम्ही."

पुढचे सगळे अवघड ठिपके त्यांनी असेच सोडवले. पडदा बघायचा त्याने, चेहरा त्याचा, आणि आठवण त्यांच्या अंगठ्याची. हनुवटीवरच्या एका ठिपक्यापाशी मात्र त्या वैतागल्या. तुमची दाढी टोचते, काही कळत नाही, म्हणाल्या. तो उठून दाढी करून आला. बायको दारात उभी होती, तिने हसू दाबलं. तरीही तो ठिपका काही सुटेना.

"मग काय करू? ठेवू की पुसू?" त्याने विचारलं.

"ठेवा. बुरशीचा निघाला तर निघाला. ह्यांचा पुसला गेला तर मला चालणार नाही."

यंत्र लावलं तेव्हा त्या पहिल्यांदाच बाल्कनीत आल्या. चष्म्यावर चष्मा चढत नव्हता, म्हणून आपला काढून त्यांनी लेझरपासून डोळे जपणारा केशरी काचांचा घातला आणि टाइलजवळ वाकून बसल्या. पंखा धूर बाहेर ओढत होता. वरून खाली, रेघेला रेघ लागून आधी केस आले, मग कपाळ. भुवईवर काही नव्हतं. दोन तास लागतील, आत जाऊन पडा, मी हाक मारतो, असं त्याने सांगितलं.

"गाल यायला किती?"

"चाळीस मिनिटं."

त्यांनी स्टूल आणखी पुढे ओढलं. चाळीस मिनिटांनी डोळ्याखाली पहिला खड्डा उमटला, तेव्हा त्यांनी हात वर करून जावयाला गप्प राहायची खूण केली. तो काहीच बोलत नव्हता.