चराचं तोंड

मूठभर काळपट, बुळबुळीत पाला फुसाएच्या तोंडावर आदळला आणि हनुवटीवरून घसरत मिसो-सुपाच्या भांड्यात पडला.

“बघ तुझ्या लाडक्या दिराचे प्रताप!” तिचा नवरा तोकुझो दारातूनच ओरडत होता. बुटांचा बर्फही त्याने झटकला नव्हता. “बर्फ खणून बघितलं. बांधापासून सगळीकडे हेच. गहू उकडून काढल्यासारखा झालाय.”

फुसाएने भांड्यातून पानं उचलली आणि चिमटीत दाबली. पाणी सुटलं. जपानच्या उत्तरेला, होक्काइदोत, बर्फाखालच्या गव्हाला दोन तऱ्हांची कूज लागते. एकीत पानांवर मोहरीसारखे दाणे धरतात. ती पेरणीनंतरच्या फवाऱ्याने आटोक्यात राहते. दुसरी साचलेल्या पाण्यातून पोहत येते. तिला पाणी काढून देणं एवढाच इलाज. या पानांवर दाणा नव्हता.

“पाणी तुंबलंय कुठंतरी,” ती म्हणाली.

“तुंबलं नाही, सोडलंय! वरच्या शेतात त्याने आठवडाभर आधी राख पसरली. त्याचा बर्फ वितळला, पाणी माझ्या उरावर.”

“अहो, मार्चात राख सगळेच पसरतात. काळा झाला की बर्फ लवकर—”

तोकुझोने तिचा हात धरून मनगट शेगडीच्या लोखंडी कडेवर आपटलं. आत काहीतरी करकरलं. त्याच उजव्या हातावर मोजा चढवताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने तो चढवला. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना तिचं उत्तर पाठ होतं: घसरले. बर्फाच्या मुलखात घसरण्याचं कुणाला काय वाटणार? फुसाए उन्हाळ्यातही बरीच घसरायची.

पडवीतलं लोखंडी फावडं उचलल्याचा आवाज आला. फुसाएने वेताच्या रिंगांचे बर्फजोडे पायांना बांधले आणि ती मागे धावली.

सकाळी बर्फाची साय कडक असते, तिच्यावरून माणूस रस्त्यासारखा चालतो. आता ऊन वर आलं होतं. तोकुझोचे पाय अधूनमधून पोटरीपर्यंत खचत होते आणि प्रत्येक वेळी तो भावाला आणखी एक शिवी घालत होता.

तिचा दीर एइकिची रस्त्याकडून बांधाच्या कडेने उरलेल्या राखेची घसरगाडी ओढत येत होता. चेहरा काळा, दात तेवढे पांढरे. फुसाए लग्न होऊन आली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. घरात सासू नव्हती. त्याचा डबा तिने भरला, त्याचे फाटके मोजे तिने शिवले, तापात त्याचं डोकं तिच्या मांडीवर असे. आता त्याला स्वतःची लेक होती, तरी फुसाएला लांबून तो अजून नाक पुसत येणारा पोरगाच दिसायचा.

“दादा, राख हवी का?” तो हसत ओरडला. “भावाभावांत फुकट! वहिनी, तू कशाला आलीस गं उन्हातान्हात?”

“पळ एइकिची!” फुसाए किंचाळली.

त्याला कळायच्या आत फावडं फिरलं. धार कानावर बसली. एइकिची गाडीवर कोसळला, पोतं फुटलं आणि काळी राख बर्फावर सांडली. तिच्यावर रक्ताची धार पडली, ती दिसलीच नाही. पलीकडच्या पांढऱ्यावर गेली तेव्हा दिसली.

“अरे दादा! काय केलं मी?”

“माझा गहू कुजवलास!” दुसरा वार खांद्यावर बसला. एइकिचीने पडल्यापडल्या त्याच्या गुडघ्यावर लाथ हाणली. तोकुझो खाली आला. दोघं राखेत लोळले. मोठ्याने धाकट्याचं तोंड बर्फात दाबलं आणि दाबूनच धरलं. एइकिचीचे पाय झडू लागले. फुसाएने डाव्या हाताने नवऱ्याची कॉलर ओढली. कोपर तिच्या छातीत बसलं आणि ती मागे, बांधापलीकडे घसरत जाऊन पडली. झडणारे पाय मंद होत होते.

“चर तुम्ही बुजवलाय!” ती ओरडली.

तोकुझोचा हात सैल पडला. एइकिचीने मान वळवून खरडल्यासारखा श्वास घेतला.

“काय म्हणालीस?”

“चराचं तोंड तुम्ही बुजवलंय. पेरणीला ट्रॅक्टर वळवायला जागा हवी म्हणून. नळी टाकीन म्हणालात, टाकली नाहीत. पाणी जायचं कुठून? दरवर्षी तो वर राख टाकतो. दरवर्षी गहू कुजला का?”

इतक्या वर्षांत ती एवढं सलग बोलली नव्हती. तोकुझोने फावडं उचललं आणि तो तिच्याकडे वळला.

“जीभ फुटली होय गं तुला? थांब, तुझी तर—”

मधे बांध होता, आणि बांधाच्या कडेने, बर्फाखाली, तुंबलेला चर. तिसऱ्या पावलाला साय फाटली. तोकुझो एका झटक्यात कमरेपर्यंत आत गेला. फावडं हातातून उडून फुसाएच्या पायाशी पडलं. खाली बर्फाळ पाणी होतं. त्याचा चेहरा पांढरा झाला.

“हात दे. ए! हात दे म्हणतो ना!”

फुसाएने आधी डोक्याचा पंचा सोडून एइकिचीच्या कानाला गच्च बांधला. मग फावडं उचललं. बर्फजोड्यांवरून ती हलकेच रस्त्याच्या कडेला गेली आणि चराच्या तोंडाशी खणू लागली. जाड बर्फाखाली माती गोठत नाही. फावडं आत जात होतं. उजवं मनगट प्रत्येक घावाला ओरडत होतं.

“बाहेर काढ आधी मला! मरतोय इथे!”

“पाणी गेलं की निघाल.”

“वहिनी, दे इकडे,” एइकिची म्हणाला.

“तू बस. कान धर.”

शेवटचं ढेकूळ सुटलं तेव्हा मातीतून आधी घरघर आली, मग करड्या पाण्याचा लोट रस्त्याच्या नाल्यात कोसळला. तोकुझोभोवतीची पातळी उतरली. तो उभं राहायला गेला की खचायचा. शेवटी लहान मुलासारखा हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत, मागे न बघता, तो घराकडे निघाला.

दवाखान्यात नर्सबाईंनी पंचा सोडला आणि त्या चुकचुकल्या. “अगं बाई! हे कसं झालं?”

एइकिचीने वहिनीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. “घस... घसरलो.”

“भावाने मारलं,” फुसाए म्हणाली. “फावड्याने.”

नर्सबाईंनी जखम धुतली, टाके घातले. फुसाए त्याचं डोकं धरून उभी होती, एकाच हाताने. दुसरा तिने पोटाशी घेतला होता. नर्सबाईंचं लक्ष तिकडे गेलं. त्यांनी सुई ठेवली.

“आणि तुमचं, फुसाएबाई?”

फुसाएने मोज्याचं टोक दातांत धरलं, हळूहळू ओढत तो काढला, आणि सुजून निळं झालेलं मनगट दिव्याखाली टेबलावर ठेवलं.