भय्याजी, येऊ नका

पुढाऱ्याच्या ड्रायव्हरला सगळं माहीत असतं, असं लोक समजतात. डोंबलाचं माहीत असतं! तेरा वर्षं मी भय्याजींची जीप चालवली, आणि त्यांना बोलावणं कोण धाडत होतं हे मला आजही ठाऊक नाही.

भय्याजी बाहत्तर साली आमच्या भागातून आमदार झाले ते लोकांच्या मातीला जाऊन जाऊन. लग्न चुकलं तरी चालेल, पण माती चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलग तांदूळ घेऊन जातात. भय्याजी साऱ्या तालुक्याचे नातलग. जीपमध्ये मागे तांदळाचं पोतं कायम असायचं. दोन पायल्या ओतायचे, ओट्यावर बसायचे, घरच्यांबरोबर रडायचे. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

शहात्तर सालच्या धानकापणीत पहिलं आक्रीत झालं. सकाळीच मोहाडीच्या घरून निघताना ते म्हणाले, "शहापूरकडे घे. केवळरामच्या घरून बोलावणं आलं."

"केवळराम गेला का जी?"

आम्ही पोहोचलो, तर केवळराम अंगणात बसून विळ्याला धार लावत होता! मला हसू फुटलं. भय्याजी हसले नाहीत. ते त्याच्याजवळ बसले, धान किती झालं ते विचारलं आणि त्याचा हात हातात घेतला. चहा आला. केवळरामनं कप तोंडाला लावला आणि तिथंच कलंडला. त्याच्या बायकोनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग जीपमधल्या पोत्याकडे.

पुढे हे वारंवार होऊ लागलं. दोन-चार वर्षांत गावोगाव बोभाटा झाला. जीपची घरघर ऐकली की दारं लागत, म्हाताऱ्यांना माजघरात कोंडत. मतं मात्र अठ्ठ्याहत्तरला पडली आणि ऐंशीला तर त्याहून जास्त पडली. लोक काही खुळे नव्हते. निवडून आला तर मुंबई-नागपुरात राहील. पडला तर रिकामा, रोज फिरेल. विरोधी उमेदवार दारोदार हात जोडत फिरला आणि डिपॉझिट घालवून बसला. सिहोऱ्याच्या बाजारात एका म्हातारीनं दुरूनच पदर पसरला, "भय्याजी, मत तुमालेच देतो, पन आमच्या घराकडे येऊ नका जी!"

भय्याजींचे डोळे भरून आले. मी मेला हसलो.

पंच्याऐंशीची निवडणूक लागली तेव्हा माझी बायको शकुंतला आजारी होती. घर सिहोऱ्याला आणि मी मोहाडीला, भय्याजींच्या दारात. तापानं ती पार वाळली होती. शेजारची रेवताबाई ढिवरीण तिला पेज पाजायची. प्रचाराचे दिवस म्हणून मी सुटी मागितलीच नाही.

एका सकाळी भय्याजी धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले. "चाल, तुलाराम."

"कुठी जी?"

"सिहोऱ्याले. तुह्या घरी."

मी बोनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून खिशात घातली आणि म्हणालो, "गाडी बिघडली."

त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. "मंग यष्टीनं जाऊ."

मी त्यांचे पाय धरले. "नका जाऊ जी. तुमी गेले का मानूस जाते. साऱ्या जिल्ह्याले मालूम आहे."

"मी कोनाले नेत नाही बापा," ते हळूच म्हणाले. "कोनी जाऊन राहिलं का मले समजते. काहून समजते, मालूम नाही. समजल्यावर घरी कसा बसू? एकट्यानं जाऊ नये मानसानं."

"माह्या घरी येऊ नका."

"बरं, नाही येत. तू तरी जा."

मी गेलो नाही. मी हललो आणि ते मागून दुसऱ्या गाडीनं आले तर? दिवसभर मी त्यांच्या फाटकात राखण करत बसलो. कार्यकर्ते ओरडून गेले. भय्याजी ओट्यावरून नुसते माझ्याकडे बघत राहिले, जेवलेसुद्धा नाहीत. चारच्या सुमारास त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, वेळ टळली. सारं जग ज्याला घाबरतं त्याला मी अडवलं, म्हणून मनातून मी फुशारलोही.

दिवे लागायच्या वेळी रेवताबाईचा नवरा बुधराम यष्टीतून उतरला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा शकुंतलेला ओट्यावर काढून ठेवलं होतं. चार वाजता गेली म्हणाले. रेवताबाई उशाशी बसली होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं, मग बोलली, "सकाळपासून इचारे, 'जीप आली का वो?' मी म्हनलं, बाई, कायले असं अभद्र बोलतेस? तं म्हने, 'माहा मानूस चालवते ना ते.'"